मशीन आणा शेठ, पण आधी मोरीत आणा

प्रति,
मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि मधल्या हायवेवरचे समस्त हॉटेलमालक यांस,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातल्याच एकाच्या गल्ल्यावर बसतो. १९८४ च्या मे महिन्यात दहावी नापास होऊन राजापूर तालुक्यातून मुंबईला आलो. मामाने ज्या हॉटेलात नेऊन सोडलं तिथे पहिली पावणेदोन वर्षं मोरीत भांडी घासत काढली. मग टेबलं पुसायचा फडका, मग वेटर म्हणून टेबल, मग वेटरांचा कॅप्टन आणि गेली पंधरा वर्षं गल्ला. नाव सांगत नाही. सांगितलं तर माझे शेठ दुखावतील, आणि माणूस वाईट नाही.

पत्राला निमित्त झालं ते एका मांजराचं. मागच्या पावसाळ्यात एका कंपनीचा माणूस वाढपी रोबो दाखवायला घेऊन आला होता. माझ्या छातीएवढा उंच, ताटं ठेवायला चार कप्पे आणि वर पडद्यावर मांजराचं तोंड. बाईच्या आवाजात 'एक्स्क्यूज मी' म्हणायचा. पोरंटोरं खूश. आमच्याकडे फॅमिली रूमला दीड इंचाची पायरी आहे. तिथे तो सांबाराच्या वाट्यांसकट अडला आणि भिंतीला 'एक्स्क्यूज मी' म्हणत राहिला. सगळं हॉटेल हसलं. वेटरही हसले, जरा जास्तच हसले.

शेठनी मांजर घेतलं नाही. त्याऐवजी टेबलांवर क्यूआर कोडचे स्टँड आले. गिऱ्हाईक फोन लावतं, मेन्यू उघडतो, ऑर्डर थेट आत जाते, पैसेही तिथेच. मांजराला हसलेल्या सात वेटरांपैकी तिघे दिवाळीनंतर दिसेनासे झाले.

दिसेनासे म्हणतो, कारण आपल्या धंद्यात कुणाला काढून टाकायची पद्धत नाही. 'महिनाभर गावाला जाऊन ये, मग फोन करतो' म्हणायचं. माणूस कपड्याची बॅग भरतो, उरलेला हिशोब घेतो, पाया पडतो आणि जातो. फोन काही होत नाही. हे वाक्य त्या तिघांना मीच सांगितलं. त्यातल्या एकाचा अजून अधूनमधून मिस्ड कॉल येतो. म्हणून हे पत्र.

आता तुम्ही म्हणाल, जुना माणूस, मशीन बघितलं की घाबरतो. तसं नाही. मी आलो तेव्हा आमच्या हॉटेलात इडली-डोशाचं पीठ वाटायला एक म्हातारा होता. रात्री अकराला शटर खाली आलं की त्याचा दिवस सुरू. दगडी रगडा, एका हाताने दगड फिरवायचा, दुसऱ्या हाताने पीठ आत सारायचं, पहाटे तीनपर्यंत. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. पुढच्या वर्षी कोइमतूरचा ग्राइंडर आला. म्हातारा तव्यावर गेला, डोसे घालायला लागला, आणि पहिल्यांदा आम्हाला कळलं की हा माणूस गातो. रगड्यासाठी कुणी रडलं नाही. तसाच केओटीचा, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी आत स्वयंपाकघरात छापणारा प्रिंटर. तो येण्याआधी ऑर्डर ओरडून सांगायची, आणि 'मी दोन उत्तप्पे सांगितले होते', 'एकच सांगितला होतास' यावरून आचाऱ्यांच्या वस्तादाशी रोज हाणामारीची वेळ. प्रिंटरने ती भांडणं संपवली. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या पोरांना हॉटेलात कामाला ठेवायची बंदी आली, तेव्हाही 'आता बारक्या कुठून आणायचा' म्हणून तुम्ही-आम्ही गळा काढला होता. एकही हॉटेल त्यापायी बंद पडलेलं मी पाहिलं नाही. काही कामं जायलाच हवीत.

माझं म्हणणं वेगळं आहे. मशीन येतंय, पण चुकीच्या दारातून येतंय.

एकदा माझ्याबरोबर आमच्या मोरीत या. आठ बाय सहाची जागा. उंबऱ्याशी पाणी तुंबू नये म्हणून लावलेली फळी, ती बुळबुळीत. दुपारी एक ते तीन खरकट्या ताटांचा डोंगर. तेलकट गरम पाणी, साबणाने पांढरी पडलेली बोटं, नखांच्या कडा सोललेल्या. बारा तास पाय ओले, त्यामुळे बोटांच्या बेचक्यात चिखल्या. मी रात्री झोपताना बेचक्यांत खोबरेल तेल घालायचो, तरी पहिल्या पावसाळ्यात मला चप्पल घालता येत नव्हती. आज तिथे ओडिशाचा बावीस वर्षांचा पोरगा उभा आहे. तोही तेलच लावतो. चाळीस वर्षांत राख जाऊन लिक्विड आलं, एवढाच काय तो फरक. भिंतीच्या अलीकडे गिऱ्हाईक फोनवर बोट फिरवून पनीर मागवतं आणि भिंतीच्या पलीकडे माणूस नखाने कढईची करप खरवडतो.

भांडी धुण्याचं मशीन काही कालचं नाही. पंचतारांकित हॉटेलांत ते कित्येक वर्षं आहे. आमच्या शेठना मी दोनदा विचारलं. उत्तर एकच, 'माणूस स्वस्त पडतो.' बरोबर आहे, पडतो. आणि वेटर जरा महाग पडतो, वर गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर असतो. म्हणून मशीन टेबलावर आलं, मोरीत नाही.

ही दाखवायची रीत जुनी आहे. फिलाडेल्फियात १९०२ साली हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीने ऑटोमॅट नावाचं उपाहारगृह काढलं. भिंतभर काचेचे छोटे कप्पे. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, दार उघडायचं आणि आपला खाऊ उचलायचा. वेटर औषधाला नाही. लोकांना वाटायचं, यंत्रच जेवायला घालतंय. भिंतीमागे माणसं उभी राहून रिकामे कप्पे भरत होती. न्यूयॉर्कमधलं शेवटचं ऑटोमॅट १९९१ साली बंद झालं. जपानात नागासाकी भागात २०१५ मध्ये 'हेन-ना' नावाचं हॉटेल निघालं, जगातलं पहिलं रोबोंचं हॉटेल म्हणून गाजलं. स्वागताला डायनोसॉर. खोलीत एक बोलकी बाहुली होती, ती पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजून मध्यरात्री त्याला उठवायची आणि 'तुमचं बोलणं कळलं नाही' म्हणायची. २४३ रोबोंपैकी निम्म्याहून जास्त त्यांनी २०१९ पर्यंत काढून टाकले. रोबोंनी काम वाढवलं, असं तिथल्याच माणसांचं म्हणणं होतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मांजराची आठवण झाली आणि जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझा पुतण्या गोव्यात एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर आहे. तिथे चेक-इनसाठी स्क्रीन बसवला. आता हा त्या स्क्रीनशेजारी उभा राहून पाहुण्यांना स्क्रीन कसा वापरायचा ते शिकवतो. त्याच्या जोडीदाराला मात्र कमी केलं. हाउसकीपिंगच्या बायकांना फोनवर ॲप दिलंय. कुठली खोली, किती मिनिटांत, ते ॲप सांगतं. बाईचं काम गेलं नाही. फक्त आता बादली भरायला लागणारा वेळही मोजला जातो.

परत टेबलाकडे येतो, कारण खरी कळ तिथे आहे. टीप.

आपल्या धंद्याची मांडणी तुम्हाला माहीत आहे. वेटरचा पगार कमी ठेवायचा, कारण त्याला टीप मिळते, जेवण मिळतं, माळ्यावर झोपायला मिळतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पगार ठरवताना तुम्ही आणि मी दोघंही हेच बोलतो. बिलाच्या वहीत बडीशेप-खडीसाखरेबरोबर सुटे पैसे परत जायचे, त्यातले दहा-वीस रुपये मागे राहायचे. नोटबंदीनंतर यूपीआय वाढलं तसं ते कमी झालं. क्यूआर आल्यावर तर गिऱ्हाईक ४८७ रुपये म्हणजे ४८७ रुपयेच देतं. त्यात त्याची चूक नाही, ज्याने ऑर्डर घेतली असा माणूसच त्याला दिसला नाही. ताट आणून ठेवणारा पोरगा दहा टेबलं सांभाळतो. पूर्वी एका वेटरकडे चार, फार तर पाच असायची. त्याला वाढायला वेळच नाही, तो नुसता पोचवतो. आमच्या पोरांची टीप निम्म्याच्याही खाली आली. हा आकडा कुठल्या अहवालातला नाही, रात्री गल्ल्यापाशी ते वाटून घेतात तेव्हा मी समोर असतो. पगार मात्र तोच राहिला, टीप मिळते असं धरून ठरवलेला.

म्हणजे मशीनचा हप्ता कुणी भरला? तुम्ही म्हणता तुम्ही. मी हिशोब ठेवतो शेठ, मला ठाऊक आहे.

आणि वाढणं म्हणजे काय, तेही एकदा बोलूया. माटुंग्याला ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे, तिथे आजही केळीच्या पानावर जेवायला मिळतं. वाढपी पानाकडे बघून चालतो, माणसाकडे नंतर. पानावर भाजी संपली की रस्सम, हे त्याला मेन्यूने शिकवलेलं नाही. आमच्या हॉटेलासमोर मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. तिथून माणसं येतात, दोघंतिघं, तोंडं उतरलेली. त्यांना खायचं काही नसतं. दोन चहा सांगतात आणि तासभर बसतात. आमचा जुना वेटर त्यांच्या टेबलाकडे कुणाला फिरकू द्यायचा नाही, बिलही मागायचा नाही. एकदा एक बाई अशीच बसली होती. त्याने न सांगता तिच्यापुढे दहीभात ठेवला आणि ती तो खाता खाता रडली. आता टेबलावर स्टँड असतो आणि वीस मिनिटं काही मागवलं नाही की आमच्या काउंटरच्या स्क्रीनवर ते टेबल लाल होतं. तो वेटर त्या तिघांतला एक.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. जागेचं भाडं, गॅस, घरपोच ॲपवाल्यांचं कमिशन. आणि माणसं टिकत नाहीत, हे तर रोजचं रडगाणं. होळीला, छटपूजेला गावी गेलेली पोरं परत येत नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जी गेली त्यातली अर्धी कायमचीच. 'माणूसच मिळत नाही, मशीन आणू नको तर काय करू?' असं माझे शेठ विचारतात आणि मी गप्प बसतो. पण माणूस का टिकत नाही, हेही कुणी विचारावं. ब्रेक ड्युटी म्हणजे सकाळी दहा ते चार, परत सात ते बारा. मधल्या तीन तासांत माळ्यावर पंख्याखाली बारा जणांत पाय पसरायला जागा शोधायची. आठवड्याची सुट्टी महिन्यातून दोनदा, तीही 'आज मॅच आहे, थांब' म्हटलं की गेली. त्या पोराला इमारतीवर वॉचमन म्हणून बसायला मिळालं तर तो का परत येईल? ही कामं माणसाने करण्यासारखी ठेवली नाहीत, आणि मग माणूस मिळत नाही म्हणून मशीन.

माळ्याचं आणखी एक. बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, तुमच्या यायला हवं. वेटरची नोकरी जाते तेव्हा त्याच रात्री त्याचं घरही जातं. तिघांतल्या एकाने दादर स्टेशनवर दोन रात्री काढल्या. त्याचा ट्रंक अजून माळ्यावर आहे.

कायद्याचं थोडं बोलतो. गल्ल्यावर दुपारी निवांत असतं, वाचतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं. कामाची पद्धत किंवा यंत्रसामग्री सुधारल्यामुळे कामगारकपात होणार असेल, तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यायची. हॉटेलात रोबो येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं अशा काळात आपल्या लोकांनी हे लिहून ठेवलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ही नोटीस आहे. कपात झालेल्याला दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार आहे, आणि नवं काम शिकण्यासाठी वेगळा १५ दिवसांचा पगार त्याच्या खात्यात जमा करायची तरतूद आहे. वाचून बरं वाटलं. मग आमचं मस्टर उघडलं. तिघांतल्या दोघांचं नावच त्यात नाही. उचलीच्या वहीत आहे, तिथे मात्र दोघांची नावं ठळक. 'गावाला जाऊन ये'ला कुठल्या कलमाखाली नोटीस लागते?

अमेरिकेत लास व्हेगासच्या हॉटेलांतल्या वेटर-खानसाम्यांची कलिनरी युनियन आहे. २०१८ साली संपाची तयारी करून त्यांनी मालकांकडून करारात लिहून घेतलं की नवं तंत्रज्ञान आणण्याआधी १८० दिवस सांगायचं आणि त्याचं शिक्षण फुकट द्यायचं. २०२३ च्या करारात भर पडली: तंत्रज्ञानामुळे काम गेलं तर नोकरीच्या दर वर्षामागे २,००० डॉलर. तिथली हॉटेलं काही बुडाली नाहीत. आपण व्हेगास नाही, मान्य. पण सहा महिने आधी सांगायला पैसे लागत नाहीत. तेवढ्यात एखादा पोरगा डोसा टाकायला शिकतो, दुसरा बिलिंग शिकतो, तिसरा दुसरीकडे बघतो, आणि ट्रंक माळ्यावर विसरत नाही.

तुम्ही म्हणाल, मोरीत मशीन आणलं तर मोरीतल्याचं काम जाईल, मग खेड्यातून आलेला कच्चा पोरगा शिरणार कुठून? हा प्रश्न मी स्वतःलाच पुष्कळदा विचारला. मी मोरीतूनच वर आलो. तुमच्यापैकी कित्येकांचे वडीलही मोरीतूनच वर आले, गल्ल्यामागच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून तुम्हीच अभिमानाने सांगता. पण मोरीने मला वर नेलं नाही. मोरीला लागून फडका होता, फडक्याला लागून टेबल होतं, आणि मालकाने संध्याकाळी साडेसहाला रात्रशाळेला सोडलं, त्याने वर नेलं. दहावी मी १९८७ ला पास झालो, शर्टाला कांद्याचा वास घेऊन. आज मोरी तशीच आहे आणि तिच्या वरची पायरी तुम्ही काढून घेतली. टेबल घ्यायला फोन आहे, बिल घ्यायला फोन आहे. मग तो ओडिशाचा पोरगा मोरीतून निघून जाणार कुठे? चाळीस वर्षांचा होईतो तिथेच?

म्हणून उलटं करा. मोरीत मशीन घाला आणि मोरीतल्याला टेबलावर आणा. एकच मशीन घ्यायची ऐपत असेल तर ते गिऱ्हाइकाला न दिसणारं घ्या. क्यूआर ठेवायचाच तर ठेवा, ज्याला घाई आहे तो वापरील. पण छापील मेन्यू टेबलावरून काढू नका, आणि ज्याने वाढलं त्याचं नाव बिलावर येऊ द्या. गिऱ्हाइकाला वाटलं तर त्याच बिलावरून त्या पोराच्या खात्यात टीप जाईल एवढी सोय ते सॉफ्टवेअर करू शकतं, मी विक्रेत्याला विचारलं आहे. 'आजवर कुठल्या मालकाने मागितलं नाही,' असं तो म्हणाला. आणि ज्याला कमी करायचं त्याला कमी केलं म्हणून सांगा. हिशोब द्या, महिनाभर माळा द्या. ते गावाचं वाक्य मला परत बोलायला लावू नका. मी बोलणार नाही, हे शेठनाही सांगून झालंय. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, 'पुढच्या गुरुवारी भांड्यांच्या मशीनवाला येतोय, बघू.'

कळावे,
आपला,
गल्ल्यावरचा एक जुना वेटर

ता. क. गुरुवारी मशीन बघायला मोरीतल्या पोरालाही बाहेर बोलावणार आहे. ताटं-वाट्या कुठलंही मशीन धुतं. सांबाराचं मोठं पातेलं मशीनच्या दारातून आत जातं की नाही, ते त्या पोराला विचारायला हवं. तुमच्याकडे मशीनवाला येईल तेव्हा तुम्हीही विचारा. आणि हो, दादर स्टेशनवर राहिलेल्याला मी फोन लावलाय. ट्रंक न्यायला रविवारी येतोय, जेवायला थांब म्हटलंय.